मिस्त्रींचा हात

सूनबाईने पिकअपच्या पाठीवर कूलिंगचा डबा बसवून घेतला आणि त्या दिवसापासून गाडीने तोंड पाडलं. गाडी उभी असताना डब्याची मोटर सुरू झाली की पुढचे दिवे मिणमिणायचे, हॉर्न घसा बसल्यासारखा वाजायचा, आणि सकाळी सेल्फ मारला की इंजिन आधी भरपूर कण्हायचं आणि मग उपकार केल्यासारखं चालू व्हायचं. दुकानादुकानांत आइस्क्रीम पोचवायचं तर डबा हवाच, आणि डबा चालवावा तर गाडी मान टाकणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली.

यात दोष कुणाचाच नव्हता. कारखान्यातून निघताना गाडीला ज्या वायरी मिळतात त्या तिच्या स्वतःच्या पोटापुरत्या असतात. वर असा खादाड पाहुणा आणून बसवला तर मुख्य वायरी जाड कराव्या लागतात. बॅटरी आणि तिला चार्ज करणारा अल्टरनेटर यांच्यामधली एक, बॅटरीपासून बॉडीपर्यंतची दुसरी, आणि इंजिनापासून बॉडीपर्यंतची तिसरी. लोक पहिली बदलतात आणि बाकीच्या दोन विसरतात. वीज जाते तशी तिला परत यायलाही वाट लागते, हे भल्याभल्यांच्या डोक्यात शिरत नाही.

हे सगळं सूनबाईला जेवताना तिच्या सासऱ्यांनी सांगितलं. घरात त्यांना तात्या म्हणत आणि बाहेर मिस्त्री. सगळा जन्म गाड्यांच्या वायरिंगमध्ये गेलेला. मागच्या वर्षी त्यांची उजवी बाजू गेली. मग हळूहळू बोलणं परत आलं, चालणं परत आलं, पण दुकान बंद झालं ते झालंच. त्या दिवशी पानातली भाजी बाजूला सारून त्यांनी बोटाने ताटात तिन्ही वायरी काढून दाखवल्या आणि म्हणाले, "बाहेर कुणाला कशाला देतेस? घरात मिस्त्री आहे ना?"

सूनबाईने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने वरणाकडे पाहिलं. नंतर ओट्यापाशी येऊन हळूच म्हणाला, "करू दे गं. बरं वाटेल त्यांना."

"बरं वाटायला गाडी माझीच सापडली का?"

"मग तू सांग त्यांना नाही म्हणून. तू तर फटकळ आहेस."

ती फटकळ होतीच. आळीत तिची ख्याती होती. शेजारणीने नवी साडी दाखवली तर ही म्हणणार, "रंग तुला शोभत नाही." लग्नाच्या पंगतीत मीठ कमी असेल तर यजमानाला बोलावून सांगणार. जिच्या तोंडाला लोक भितात अशी बाई जन्मात एकदा गोड बोलायला गेली, आणि पुढे जे झालं ते तेवढ्यामुळे झालं. मला विचाराल तर ज्याला गोड बोलायची सवय नाही त्याने त्या फंदात पडू नये. त्यातसुद्धा सराव लागतो.

तात्यांनी माळ्यावरची पेटी काढायला लावली. अंगणात गाडीचं बॉनेट उघडून काम सुरू झालं. त्यांची एक पद्धत होती. जाड वायरीच्या टोकाला तांब्याची टोपी बसवतात, तिला लग म्हणतात. हल्ली ती दाबायला मोठं पकड यंत्र मिळतं, पण तात्या जुन्या लोखंडी साच्यात लग ठेवून हातोडीने ठोकायचे. ठोकून झालं की डोळे मिटायचे आणि उजव्या हाताच्या दोन बोटांनी वायर ओढून बघायचे. आत एक जरी तार सरकली तर बोटांना कळायचं. "डोळे फसवतात," ते म्हणायचे, "बोटं नाही." मग सगळ्या वायरी एकत्र धरून मेण लावलेल्या दोऱ्याने गाठी मारायचे. प्लास्टिकच्या पट्ट्या त्यांना चालायच्या नाहीत. गाठी इतक्या सारख्या यायच्या की त्यांनी बांधलेली वायर शंभर गाड्यांत ओळखू यायची.

यावेळीही त्यांनी डोळे मिटले, वायर ओढली, मान हलवली. सूनबाई चहा घेऊन उभी होती. कप त्यांनी डाव्या हाताने घेतला. आजारपणानंतर ते कप नेहमी डाव्या हातानेच घेत, आणि घरात सगळ्यांना वाटायचं की सवय बदलली असेल. त्या दोन बोटांमध्ये काहीच उरलेलं नाही, विस्तव ठेवला तरी कळणार नाही, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. मला वाटतं स्वतःलाही धडपणे सांगितलं नव्हतं.

गाडी सुरू झाली. दिवे लख्ख पडले. तात्यांनी बॉनेटवर थाप मारली आणि दोघांनी पेढा मिळाल्यासारखी तोंडं केली.

दुसऱ्या दिवशी माल उतरवून परत येताना बॉनेटमधून जळका वास आला. सूनबाईने गाडी कडेला घेतली. बॅटरीजवळच्या लगला हात लावला आणि चटका बसून हात मागे घेतला. वायरीचं रबर टोकाशी मऊ होऊन सुरकुतलं होतं. तिने फडक्याने धरून जरा ओढलं, तर वायर लगमधून अर्धी बाहेर आली.

ती तशीच गाडी हळूहळू चालवत गॅरेजवाल्याकडे घेऊन गेली. हा गॅरेजवाला तात्यांच्या हाताखाली शिकलेला. मिसरूड फुटायच्या आधीपासून त्यांच्या दुकानात होता, आता त्याचं स्वतःचं चांगलं चाललं होतं. त्याने बॉनेट उघडलं. मग एकेक वायर ओढत गेला. काही टिकल्या, काही हातात आल्या.

"मिस्त्रींनी केलंय हे?"

"हो."

"ठोका बसत नाहीये त्यांचा. आणि बसला नाही हे त्यांना कळतही नाहीये." तो पाना पुसत म्हणाला, "वहिनी, त्यांना सांगायला पाहिजे."

"सांगते. आधी गाडी नीट कर. उद्या माल आहे."

त्याने सगळं काढलं, नव्या वायरी टाकल्या, नवे लग मिस्त्रींसारखेच साच्यात ठोकले. मग सवयीने मेणाचा दोरा घेतला आणि गाठी मारत गेला. त्याला दुसरी पद्धत येतच नव्हती. ज्या हाताने शिकवलं त्याच हाताच्या गाठी. काम संपलं तेव्हा ते अगदी हुबेहूब तात्यांचं वाटत होतं, आणि हे सूनबाईच्या लक्षात आलं. तिला हायसं वाटलं. खरं म्हणजे त्याच वेळी तिला लाज वाटायला हवी होती, पण माणसाला आधी हायसं वाटतं.

घरी तात्या फाटकात उभे होते. दाढी केलेली, दुकानातला जुना खाकी शर्ट अंगात. "काय गं? कशी चालली?"

सांगायचं ठरवूनच ती आली होती. वाटेत वाक्यही जुळवलं होतं. पण तो शर्ट पाहिला आणि तोंडून निघालं, "झकास, तात्या! डबा चालू असतानासुद्धा दिवे कसे दिवसासारखे पडतात. असं काम हल्ली कोण करतं?"

एवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. पण तात्यांनी बॉनेट उघडलं, चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि वाकून बघायला लागले. त्यांनी एक गाठ अंगठ्याने दाबून पाहिली, दुसरी पाहिली, लगवरून बोट फिरवलं. मग सरळ झाले. डोळ्यांत पाणी होतं.

"बघ," ते म्हणाले, "हात गेला म्हणत होते लोक. अजून आहे हात."

"आहे तर!" सूनबाई म्हणाली आणि भाजी निवडायला आत निघून गेली. भाजी आधीच निवडलेली होती. तिने ती परत निवडली.

नवऱ्याला तिने सांगितलं. तो म्हणाला, "मग झालं ना? गाडीही नीट, तात्याही खूश. सापही मेला आणि काठीही मोडली नाही." आणि घोरायला लागला. पुरुषांचं एक बरं असतं, त्यांना म्हण सापडली की झोप लागते.

तात्यांचं खाणं वाढलं. सकाळी ते कोपऱ्यापर्यंत फिरून यायला लागले. येणाऱ्या-जाणाऱ्याला बॉनेट उघडून दाखवायला लागले, आणि सूनबाई घरात असली तर तिला हाक मारायचे, "सांग गं यांना!" आणि ती दारात येऊन सांगायची. दर वेळी थोडं जास्त सांगायची. फटकळ बाईने केलेली स्तुती, तिला बाजारात भाव जास्त. ही चांगलं म्हणते आहे म्हणजे असणारच, असं लोक धरून चालले.

त्यातच पाववाला आला.

पाववाल्याकडे तशीच पिकअप होती. मागे छोटी भट्टी, शेजारी गॅसची टाकी, वर दिव्यांची माळ आणि पंखा. चौकात गाडी लावून गरम पाव विकायचा. त्याची बायको दिवसभर मागे भट्टीपाशी उभी असायची. त्याचेही दिवे मिणमिणायचे. त्याने सूनबाईच्या गाडीचं बॉनेट पाहिलं, मग दारात येऊन विचारलं, "ताई, खरं सांगा. तुमच्या शब्दावर काम देतो."

तात्या तिथेच खुर्चीत बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून.

"द्या की," सूनबाई म्हणाली.

त्या क्षणापासून तिचं खाणं-पिणं उडालं. आपल्या गाडीत फार तर आइस्क्रीम वितळलं असतं. तिथे तापलेली वायर आणि चार पावलांवर गॅस, आणि मध्ये ती बाई. सूनबाईने रात्र कूस बदलत काढली आणि सकाळी उठून गॅरेज गाठलं.

"पाववाल्याची गाडी काहीतरी निमित्त काढून तुझ्याकडे पाठवते," ती म्हणाली. "परत तसंच करून दे. गाठींसकट."

गॅरेजवाल्याने हातातलं काम खाली ठेवलं. "नाही वहिनी."

"पैसे मी देते."

"पैशाचं नाही. तुमच्या गाडीचं केलं तेव्हा तुम्ही सांगणार म्हणालात म्हणून केलं. मिस्त्रींच्या नावावर मी किती गाड्या करत बसू? ते घेत जाणार, मी मागून जाऊन उकलत जाणार? एखादी माझ्या आधी पेटली म्हणजे?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुम्ही तर कुणालाही तोंडावर सांगता. यांनाच नाही सांगता येत?"

खरं अंगावर आलं की तिला राग यायचा. ती त्याला दोन शब्द सुनावून बाहेर पडली. रस्त्यात मात्र राग टिकला नाही. इतरांना तोंडावर सांगताना आपलं काही जात नव्हतं, म्हणून आपण शूर होतो, एवढं तिला चालता चालता कळलं. घरी आली तर तात्यांची पेटी जागेवर नव्हती. ते पाववाल्याकडे गेले होते.

पाववाल्याच्या मागच्या अंगणात गाडी उभी होती. भट्टी पेटलेली, कारण संध्याकाळचे पाव तयार करायचे होते. बायको पीठ मळत होती. तात्या घामाने निथळत बॉनेटवरून बाजूला झाले होते आणि फडक्याने हात पुसत होते. काम उरकलं होतं. पाववाला चावी हातात घेऊन दरवाजा उघडत होता.

"थांबा!" सूनबाई ओरडली. "सेल्फ मारू नका."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. तात्या हसले. "ये ये. बघ, तुझ्यापेक्षा भारी झालीय."

"तात्या, घरी चला. जरा काम आहे."

"अगं, चालू तर करू दे त्याला."

"आधी वायर ओढून बघा," ती पाववाल्याला म्हणाली.

"ओढून बघितल्यात मी सगळ्या," तात्या म्हणाले.

पाववाल्याने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग भिडस्तपणे वाकून बॅटरीजवळची वायर धरली आणि ओढली. ती सुटून त्याच्या हातात आली. भट्टीचा आवाज तेवढा येत होता. त्याच्या बायकोने पिठाचे हात तसेच ठेवून भट्टीची कळ बंद केली, आणि मग तोही आवाज गेला.

"एखादी राहून जाते," तात्या म्हणाले. "आण इकडे, परत ठोकतो."

"तात्या, दुसरीही येईल."

"कशी येईल? तुझ्या गाडीत त्याच हाताने बसवल्यात. त्या कशा टिकल्या मग?"

त्यांनी हे चिडून नाही, हिशेब घातल्यासारखं विचारलं. त्यांच्याकडे तो एकच पुरावा होता आणि तो त्यांनी पुढे केला. सूनबाईने पाववाल्याकडे पाहिलं, तो आत निघून जाईल म्हणून. तो गेला नाही. गेलेलं बरं दिसेल की थांबलेलं, हे त्याला ठरवता येत नव्हतं.

"त्या तुमच्या नाहीत," ती म्हणाली. "तुमच्या दुसऱ्याच दिवशी तापल्या, सुटल्या. मी गॅरेजमधून सगळं परत करून आणलं. गाठी त्याच्या आहेत."

तात्यांच्या चेहऱ्यावर राग शोधला तर नव्हता. कान हळूहळू लाल होत गेले, लहान मुलाचे होतात तसे. उजवा हात त्यांनी पाठीमागे नेला.

"मी लोकांना उघडून उघडून दाखवत होतो," ते म्हणाले.

"हो."

"आणि तू दारात येऊन सांगत होतीस."

जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं असं लोक म्हणतात; तिला तसं झालं नाही. तिला फक्त वाटलं की आपण या माणसाचे कपडे भर रस्त्यात उतरवले, आणि तेही आधी त्याला नटवून, मिरवायला लावून.

"घरात सांगितलं असतंस," तात्या म्हणाले, "तर घरातल्या घरात लाजलो असतो. तेवढं झेपलं असतं मला."

पाववाला म्हणाला, "मिस्त्री, असू द्या हो. मी बघतो पुढचं. तुम्ही बसा, चहा घ्या."

"नाही. लावलं मी, काढणारही मीच." आणि ते परत बॉनेटमध्ये वाकले. एकेक वायर काढली, गुंडाळली, जमिनीवर ठेवली. जुन्या वायरी परत जोडल्या. सूनबाई मदतीला पुढे झाली तर त्यांनी कोपराने तिला बाजूला केलं, ढकललं नाही, नुसतं बाजूला केलं. पाववाल्याने निघताना पावाची पिशवी पुढे केली. तात्यांनी घेतली. नको म्हणायला मान ताठ लागते.

घरी आल्यावर ते रुसले नाहीत. रुसले असते तर बरं झालं असतं. रुसलेल्या माणसाला मनवता येतं. ते वेळेवर जेवले, नातवंडांच्या अभ्यासाची चौकशी केली, बातम्या बघितल्या. गॅरेजवाला संध्याकाळी येऊन पायाशी बसला आणि रडत म्हणाला, "मिस्त्री, बोटं गेलीत तुमची. ठोकायचं काम आता नका करू. मी आधीच यायला हवं होतं." त्याच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला आणि म्हणाले, "आलास ना." सूनबाई आतून ऐकत होती. तिलाही जाऊन तसं पायाशी बसावंसं वाटलं. पण तो शिष्य होता. ती त्यांना दारात उभी राहून विकत होती, तिला कसं बसता येणार?

तिने माफी मागितली. एकदा स्वयंपाकघरात, एकदा अंगणात. दोन्ही वेळा ते म्हणाले, "सोड गं." आणि दोन्ही वेळा तिला कळलं की त्यांनी सोडलेलं नाही. त्यांना ते जमत नव्हतं.

मग इस्त्री बिघडली. तिने ती बाहेर टाकायला काढली, तेव्हा तात्यांनी मागून घेतली. बारीक काम होतं, डाव्या हाताचं. त्यांनी प्लग उघडला, तुटलेली तार कापून नवीन टोक काढलं, स्क्रू आवळले, आणि डाव्या हाताने नीट ओढून बघितलं. सूनबाई समोर बसून सगळं पाहत होती. काम खरोखर चांगलं झालं होतं. तिने मुद्दाम वायर ओढून पाहिली, जोर लावून. हलली नाही. प्लग लावला, इस्त्री तापली.

"छान झालीय, तात्या," ती म्हणाली. जन्मात पहिल्यांदा एखादी स्तुती तिने तोलून-मापून केली असेल. "अगदी खरं सांगते."

तात्यांनी इस्त्रीचा प्लग काढला, वायर गुंडाळली आणि इस्त्री तिच्या हातात दिली.

"उद्या गॅरेजला जाशील ना," ते म्हणाले, "त्याला एकदा दाखवून घे."

टोमणा असता तर तिने उत्तर दिलं असतं. तिने त्यांच्या चेहऱ्यावर तो फार शोधला. ते फक्त काळजीने सांगत होते. घरात लहान मुलं आहेत, उगाच कुणाला शॉक बसायला नको, म्हणून.

दुसऱ्या दिवशी ती खरंच इस्त्री घेऊन गेली. गॅरेजवाल्याने उघडून पाहिली आणि म्हणाला, एक नंबर. तिने घरी येऊन तसं सांगितलं.

"असं म्हणाला तो?" तात्यांनी विचारलं. त्यांचा चेहरा उजळला. ते तिच्या खांद्यावरून दाराकडे बघत होते, तो सोबत आलाय का ते पाहायला.